सरळ सहा सिलिंडर इंजिन : जुन्या मोटारींमधील शक्तिवाढ

जुन्या पेट्रोल मोटारींमधील, एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाची ताकद आणि प्रतिसाद वाढवण्याचे तंत्र. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) दर 120 अंशांना एका सिलिंडरात ज्वलन होते आणि पिस्टनांच्या हालचालीतून निर्माण होणारी प्राथमिक (क्रँकशाफ्टच्या वेगाने बदलणारी) व दुय्यम (त्याच्या दुप्पट वेगाने बदलणारी) बले एकमेकांना रद्द करतात. त्यामुळे ते विलक्षण गुळगुळीत चालते. त्याची अडचण लांबीत आहे. मधोमध एकच कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असेल, तर पहिला आणि सहावा सिलिंडर त्यापासून सर्वांत दूर पडतात, तेथे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पोहोचते आणि त्यांना जगवण्यासाठी मधल्या सिलिंडरांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजावे लागते. सहाही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडले की हा भेद नुसत्या रंगावरून दिसतो : टोकाचे फिकट, मधले काळपट. शक्तिवाढीचे बहुतेक काम या असमानतेशीच झुंजण्याचे असते.

1960 सालच्या फोर्ड फाल्कनमध्ये इनलेट मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांचा भाग) सिलिंडर हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातच, ओतलेला होता, त्यामुळे तो बदलून चांगला बसवण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी क्रायस्लरने 30 अंशांत कललेल्या आपल्या इंजिनासाठी ‘हायपर पॅक’ हा शक्तिवाढीचा भागसंच दिला. इंजिन कलते असल्याने बाजूला मोकळी झालेली जागा लांब इनलेट नळ्यांना मिळाली, वर चार तोंडांचा कार्ब्युरेटर आला आणि 2.8 लिटरच्या इंजिनाची ताकद 101 वरून 148 अश्वशक्तीवर गेली. जॅग्वारचे एक्सके इंजिन 1948 मध्ये दोन कार्ब्युरेटर आणि 160 अश्वशक्ती घेऊन आले. 1961 च्या ई-टाइपमध्ये 3.8 लिटर क्षमता आणि तीन कार्ब्युरेटर यांच्या जोरावर 265 चा दावा होता. डॅटसन 240झेडचे मालक मूळचे दोन कार्ब्युरेटर काढून दुहेरी तोंडाचे तीन वेबर किंवा मिकुनी कंपनीचे कार्ब्युरेटर बसवतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र तोंड मिळते. मात्र ही सहाही तोंडे हवेच्या मापाने एकसारखी जुळवली नाहीत, तर इंजिन मूळ अवस्थेपेक्षाही वाईट चालते.

सुटे भाग विकत घेण्याआधी इंजिन निरोगी करणे हीच खरी पहिली शक्तिवाढ आहे. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण दाबतो तेव्हाचा दाब) मोजणे, व्हॉल्व्हची फट बसवणे, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा रोखणे, डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागातील), ठिणगीची वेळ वेगानुसार बदलणारी झिजलेली वजने व स्प्रिंगा तपासणे एवढ्यानेही हरवलेली ताकद बरीच परत येते.

एक्झॉस्टच्या बाबतीत हे इंजिन उदार आहे. 1-5-3-6-2-4 या ज्वलनक्रमात पुढच्या तिघांचे आणि मागच्या तिघांचे धक्के आपापल्या गटात बरोबर 240 अंशांच्या अंतराने येतात. म्हणून तीन-तीन नळ्यांचे दोन गट केले की एका सिलिंडराचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निवडताना संयम लागतो. व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांत ताकद देतो, पण खालच्या फेऱ्यांतला ओढ घालवतो. रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीत तोच ओढ अधिक मोलाचा असतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवल्यास टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नव्याने ठरवावे लागते, नाहीतर मिश्रण आपोआप पेटून ठोके येऊन पिस्टन फुटण्याची भीती असते. साध्या लोखंडी हेडमध्ये, शिसेविरहित पेट्रोल आणि वाढलेली उष्णता सोसण्यासाठी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण पोलादाच्या सीट बसवतात.

फेऱ्या वाढवण्याला लांब क्रँकशाफ्टची मर्यादा आहे. तो ठरावीक वेगांना पिळवटून कंप पावतो; हा कंप पुढच्या टोकाचा डँपर शोषतो. डँपरमधले रबर जुने झाले की बाहेरचे कडे सरकते. टायमिंगची खूण बहुधा त्याच कड्यावर असल्याने टायमिंगचे मापही चुकते. त्यामुळे टायमिंग बसवण्यापूर्वी, पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून ती खूण पडताळावी.

झालेली वाढ मोजताना जुन्या कॅटलॉगचे आकडे जपून वापरावेत. अमेरिकी कंपन्या 1971 पर्यंत सहसा सायलेन्सर, एअर फिल्टर यांसारख्या जोडण्यांविना मोजलेली ताकद छापत. 1972 पासून त्यांनी जोडण्यांसह मोजलेली ताकद देणे सुरू केले. चाकांवर मोजलेली ताकद तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधील घट वजा होऊन मिळते. म्हणून कामाआधी आणि कामानंतर, त्याच यंत्रावर घेतलेल्या दोन मापांचीच तुलना ग्राह्य धरावी.