कूबर पीडी
कूबर पीडी : दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील ओपल (उपल) या रत्नाच्या खाणींचे वाळवंटी गाव. लोकसंख्या सु. दीड हजार. ते ॲडलेडपासून उत्तरेकडे सु. ८५० किमी. अंतरावर, डार्विनकडे जाणाऱ्या स्टुअर्ट महामार्गावर आहे. सोन्याच्या शोधात निघालेल्या तुकडीबरोबर आलेल्या विली हचिसन या किशोरवयीन मुलाला १ फेब्रुवारी १९१५ रोजी येथे ओपल सापडले आणि त्यातून खाणकामगारांची वस्ती उभी राहिली.

उन्हाळ्यात येथील तापमान ४५° से.च्याही वर जाते, लाकूड मिळत नाही आणि खोदण्याची हत्यारे तर घरोघरी असतात. त्यामुळे रहिवाशांनी घरे बांधण्याऐवजी कोरली. ‘जमिनीखालील घर’ म्हटल्यावर तळघर डोळ्यांसमोर येते, परंतु ‘डगआउट’ म्हणून ओळखली जाणारी ही घरे बहुधा टेकडीच्या कुशीत आडवी कोरलेली असून त्यांचे दार रस्त्याच्या पातळीवरच असते. येथील वालुकाश्म यंत्राने सहज कापला जाण्याइतका मऊ, तरीही आधाराच्या खांबांवाचून रुंद खोल्यांचे छत तोलण्याइतका भक्कम आहे. आतील तापमान वर्षभर सु. २३ ते २५° से. राहते, वायुवीजनासाठी छतातून वर नळ्या काढतात आणि धूळ झडू नये म्हणून भिंतींना पारदर्शक लेप देतात. फडताळ हवे असल्यास ते भिंतीतच कोरता येते. गावाच्या हद्दीत खाणकामाला मनाई असली, तरी घर वाढवताना ओपल हाती लागल्याची उदाहरणे आहेत.

ओपलचे उत्पादन आजही मुख्यतः लहान पट्टे घेऊन काम करणाऱ्या खाणकामगारांच्या हाती आहे. खोदलेला मुरूम ‘ब्लोअर’ हे ट्रकवर बसवलेले यंत्र ओढून बाहेर टाकते. त्याचे पांढुरके शंकू क्षितिजापर्यंत दिसतात आणि त्यांत राहून गेलेले तुकडे वेचणे हा काहींचा जोडधंदा आहे. उघड्या सोडलेल्या जुन्या विहिरींसारख्या खड्ड्यांत पडण्याचा धोका असल्याने छायाचित्र घेताना मागे सरकू नये, असे फलक जागोजागी आढळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपातून आलेल्या ग्रीक, सर्ब, क्रोएट आदी स्थलांतरितांमुळे वस्ती बहुभाषिक झाली. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही खडकातच कोरलेले आहे.

पाणी ही मात्र कायमची चणचण. गावाबाहेरच्या कूपनलिकेतील खारे पाणी शुद्ध करून पुरवले जाते व ते महाग पडते. हिरवळ परवडत नसल्याने येथील गोल्फ खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर नेतात व त्यावर चेंडू ठेवून फटका मारतात. राज्याच्या वीजजाळ्यापासून दूर असलेले हे गाव पूर्वी डिझेलवरच विसंबून होते. २०१७ पासून पवन व सौरऊर्जेने त्याची बरीचशी गरज भागते.