घड्याळाशेजारचे पोटभाडेकरू

आमचे काका (मावशीचे यजमान) रोज सकाळी लॅपटॉपचं बटण दाबून सरळ आंघोळीला जायचे. आंघोळ, पूजा आटपून आले की मग कुठे तो माऊसला दाद द्यायला लागायचा. मधे त्यांच्याकडे गेलो होतो तर म्हणाले, "अरे, खाली उजवीकडे चित्रांचा बाजार भरला होता ना, तो सगळा मी काढून टाकला, तरी हा आपला तसाच ढिम्म." बघितलं तर काढलं काहीच नव्हतं, नुसतं घड्याळाशेजारच्या त्या वर तोंड केलेल्या बाणाच्या आत ढकललं होतं. बाणावर क्लिक केलं तर 14 आयकॉन दाटीवाटीने बसलेले.

ही गल्लत बऱ्याच जणांची होते. आयकॉन म्हणजे प्रोग्राम नव्हे. प्रोग्राम मेमरीत आधीच पथारी पसरून बसलेला असतो आणि तो विंडोजला एक निरोप देतो की माझ्या नावाची एवढीशी पाटी तिथे लाव. त्या निरोपात काय असतं, तर एक चित्र, माऊस वर नेला की दिसणारा मजकूर, आणि कोणी क्लिक केलं तर कळवायचं कोणाला, बस. पाटी झाकली म्हणून आतला माणूस जागा सोडत नाही. विंडोज 11 च्या सेटिंग्जमधे पर्सनलायझेशन, मग टास्कबार, तिथे 'अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स' म्हणून जी बटणं आहेत ना, तीसुद्धा फक्त पाट्या लावायची-झाकायची आहेत.

खात्री करायची तर एक गंमत बघा. एखादा प्रोग्राम मधेच क्रॅश झाला की त्याचा आयकॉन बऱ्याचदा तसाच राहतो, आणि तुम्ही माऊस त्याच्यावरून फिरवला की पटकन गायब होतो. आता असं का, तर पाटी उतरवायचा निरोपही प्रोग्रामनेच द्यायचा असतो, आणि तो आधीच गेलेला, मग देणार कोण. टास्कबार बिचारा समजून चालतो की मालक आहे. माऊस वर आला की तो मालकाला कळवायला जातो, घर रिकामं दिसतं, तेव्हा कुठे पाटी काढतो.

नावाचाही घोळच आहे. 1995 साली विंडोज 95 बरोबर टास्कबार आला तेव्हापासून मायक्रोसॉफ्टच्या कागदोपत्री ह्या कोपऱ्याचं नाव 'नोटिफिकेशन एरिया'. पण आवाजाचा आणि बॅटरीचा आयकॉन दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव होतं 'सिस्ट्रे', त्यावरून लोकांनी सिस्टम ट्रे म्हणायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचे जुने इंजिनियर रेमंड चेन हे नाव चुकीचं आहे म्हणून सांगत राहिले, पण लोकांचंच नाव टिकलं आणि आता सेटिंग्जमधेही तेच छापलंय.

असो. मुद्दा हा की हे सगळे सकाळी न बोलावता येतात कसे. इन्स्टॉल करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो तेव्हा प्रोग्राम स्वतःचं नाव हजेरीपटावर घालून ठेवतो, आणि हा पट एकच नाही. स्टार्ट मेनूमधला 'स्टार्टअप' नावाचा फोल्डर हा सगळ्यात साधा. दुसरा रजिस्ट्रीतला (म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज लिहून ठेवतं त्या वहीतला) 'रन' नावाचा कप्पा, त्याच्या दोन प्रती, एक पूर्ण मशीनसाठी आणि एक तुमच्या युजरपुरती. मग टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा, आणि सगळ्यात खोल म्हणजे सर्व्हिसेस, पडद्याआड चालणारे प्रोग्राम, ज्या तुम्ही लॉगिन करायच्या आधीच सुरू होतात आणि पाटीबिटी काही लावत नाहीत.

काकांच्या लॅपटॉपमधे फिरणारी हार्डडिस्क होती, खरी मेख तिथे आहे. अशी डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्या मारते म्हणजे एक फेरी 11 मिलिसेकंदांची. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय हेड सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. हिशोब केला तर सेकंदाला पन्नास-साठ ठिकाणं वाचून होतात, जास्त नाही. एकट्या प्रोग्रामने सलग वाचलं तर डिस्क बरी पळते, पण 14 जण एकदम उठून आपापल्या शेकडो फाइल्स मागायला लागले की हेड नुसतं इकडून तिकडे धावतं आणि कोणाचंच काम होत नाही. ती कर्रर्र कर्रर्र ऐकू येते ना ती हीच. एसएसडीत (नव्या, चिपवाल्या डिस्कमधे) फिरणारं काहीच नसतं, तिथे सेकंदाला हजारो ठिकाणं वाचून होतात, म्हणून नव्या लॅपटॉपवर हा त्रास जाणवत नाही (मेमरी मात्र तिथेही खातातच).

आता काढायचं कसं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअपचा टॅब. विंडोज 98 पासून हे काम एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्याच टूलमधे व्हायचं, 2012 च्या विंडोज 8 पासून इथे आणलं. एक कॉलम 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणून असतो, त्यात 'हाय' लिहिलंय म्हणजे त्या प्रोग्रामने सुरू होताना प्रोसेसरचा 1 सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त उलाढाल केली. आधी ह्यांच्याकडे बघायचं. राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्राम उडत नाही, फक्त स्वतःहून उठत नाही, हवा तेव्हा आपण उघडायचा. नाव यादीतून जात नाही म्हणून काका घाबरले होते, पण ते बरोबरच आहे, रन मधली मूळ नोंद तशीच राहते आणि विंडोज वेगळ्या कप्प्यात लिहून ठेवतं की ह्याला उठवायचं नाही, सोबत कधी बंद केलं ती तारीख-वेळसुद्धा.

त्यांच्या यादीत एकाचं नाव नुसतं 'प्रोग्राम' होतं, कोरा पांढरा आयकॉन. व्हायरस असेल म्हणून काकांनी त्याला हातच लावला नव्हता. हे भूत साधं असतं. फाइलचा पत्ता 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमधला, त्या नावात मधे स्पेस, आणि लिहिणाऱ्याने पत्त्याला अवतरणचिन्हं लावली नाहीत, मग विंडोज पहिल्या स्पेसपर्यंत वाचतं आणि त्यालाच नाव समजतं. बहुतेक वेळा ती फाइलही कधीच उडालेली असते.

काय ठेवायचं, तर अँटीव्हायरस, टचपॅड आणि साउंडचे ड्रायव्हरवाले ठेवा. चॅट, गाणी, गेमचे लाँचर, 'अपडेटर' आणि 'हेल्पर' शेपट्या असलेले, हे खुशाल बंद करा. आम्ही 14 पैकी 9 बंद केले. एक मात्र दुसऱ्या दिवशी तरीही हजर, प्रिंटरबरोबर आलेला, शाई कमी झाली की नवीन विकत घ्या म्हणून सांगणारा, आणि प्रिंटर तर विकून दोन वर्षं झालेली! स्टार्टअप टॅबमधे तो दिसेचना, कारण त्याने हजेरी टास्क शेड्यूलरमधे लावली होती. अशांसाठी 'ऑटोरन्स' नावाचं फुकट टूल आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्यांच्या सिसइंटर्नल्सचं, 2006 मधे मायक्रोसॉफ्टनेच ती कंपनी घेतली. ते सगळे पट एका जागी दाखवतं, पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. त्यात 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' लावून ठेवा नाहीतर यादी बघूनच चक्कर येईल, आणि डिलीट करू नका, फक्त टिक काढा, काही बिनसलं तर परत लावता येते. काकांचा प्रिंटरवाला तिथेच सापडला.

झालं का नीट हे बघायला काकांनी शटडाउन करून परत चालू केलं, तर मी म्हटलं थांबा, रिस्टार्ट करा. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतात. सगळं कोरं करून पहिल्यापासून सुरू होतं ते रिस्टार्टला. केलं रिस्टार्ट, काका सवयीने टॉवेल घेऊन उठलेच होते, दारापर्यंत गेले तोवर लॅपटॉप माऊसला दाद द्यायला लागला होता.