डेंटल इम्प्लांटच्या कोर्सला येताना सीबीसीटीचं (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनचं) पूर्ण फोल्डर आणा, स्क्रीनशॉट नको

बॅच ठरली की पहिला प्रश्न हमखास हाच, "ड्रिल कधी हातात मिळणार?" मिळणार, दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस पूर्ण हेड-नेक ॲनाटॉमीचा आहे आणि तो सोडून नुसतं हँड्स-ऑनला येता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाद नको.

ॲनाटॉमी कॉलेजात झालीये, मान्य. पण ती परीक्षेपुरती. इथे आम्ही खालचा सुका जबडा हातात देतो आणि आतल्या बाजूने मायलोहायॉइड रिजच्या (हाडावरच्या आडव्या उंचवट्याच्या) खाली बोट फिरवायला लावतो, मोलरपाशी बोट जिथे आत जातं तो सबमँडिब्युलर फोसा. ओपीजीत (जबड्याच्या सपाट एक्स-रेत) उंची छान दिसते पण हाडाची रुंदी आणि हा खोलगटपणा दिसतच नाही, मग ड्रिल सरळ खाली धरला तरी लिंग्वल प्लेट (जिभेकडची हाडाची भिंत) फोडून बाहेर येऊ शकतो. समोरच्या दातांच्या भागात तर अजून जपायचं, सबलिंग्वल आणि सबमेंटल आर्टरीच्या फांद्या तिथे हाडाला अगदी लागून असतात, एखादी तुटली की आत आखडते, जिभेखाली रक्त साठतं, जीभ वर-मागे ढकलली जाते आणि श्वास अडकू शकतो. कधी कधी हे पेशंट घरी गेल्यावर होतं.

आता आमचा खरा वेळ कुठे जातो ते. स्वतःच्या केसचा सीबीसीटी आणा असं कन्फर्मेशनच्या मेसेजमध्येच लिहितो, तरी दर बॅचला कोणीतरी मोबाइलवर स्क्रीनशॉट घेऊन येतंच. स्क्रीनशॉट म्हणजे एकच स्लाइस, त्यात पुढे-मागे जाता येत नाही, कॅनाल (खालच्या जबड्यातल्या नर्व्हची नळी) ट्रेस करता येत नाही. हनुवटीकडची मेंटल नर्व्ह फोरॅमेनच्या (ती हाडातून बाहेर येते त्या छिद्राच्या) पुढे जाऊन वळून मागे येते तो अँटिरिअर लूप एका स्लाइसवर कसा शोधणार? स्कॅन सेंटरकडून डायकॉमचं (स्कॅनच्या मूळ फाइल्सचं) अख्खं फोल्डर मागा. सीडी मिळाली तर पेनड्राइव्हवर कॉपी करून घरीच उघडून बघा (आमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही), आणि पेशंटचं नाव काढून टाका, ते फाइलच्या आतही असतं.

नर्व्हपासून २ मिमी सोडायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण बऱ्याच सिस्टिममध्ये ड्रिलवरची खूण टोक न धरता मोजलेली असते आणि त्या २ मधले १ मिमी किंवा जास्तच तिथेच जातात. म्हणून आम्ही मोजणी तुमच्याच किटच्या ड्रिलवर करून घेतो, किट आणलंत तर उत्तम.

वरच्या जबड्यात साइनसच्या बाहेरच्या भिंतीतली पीएसए (पोस्टिरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर) आर्टरी पहिल्या दिवशी दुपारी शिकवतो.

फाइल बॅचच्या दोन दिवस आधी पाठवा, उघडत नसेल तर तेव्हाच कळवतो. स्वतःची केस नसेल तरी या, सरावासाठी नावं काढलेल्या केसेस आमच्याकडे आहेत. आणि एकदा कोर्स केला की पहिला दिवस पुढच्या कुठल्याही बॅचला, जागा असेल तर, परत बसून करता येतो, त्याची वेगळी फी नाही.