बाथरूमचा डॅडो: भिंतीला टाइल्स किती उंच घ्यायच्या

बाथरूमच्या भिंतीला खालून ठरावीक उंचीपर्यंत जी टाइल किंवा पॅनल लावतात त्याला बांधकामात डॅडो म्हणतात. सातारा-सांगलीकडं घराचं काम चालू असताना मिस्त्री "डॅडो किती घ्यायचा?" असं विचारतो आणि घरमालक "घ्या सात फूट" म्हणून मोकळा होतो. सात फूट हे उत्तर बरोबरच आहे, पण ते कुठनं मोजायचं हे कुणी ठरवत नाही आणि सगळा घोळ तिथंच होतो.

पूर्वी एवढी उंची लागायचीच नाही. न्हाणीघरात खाली शहाबादी फरशी, बाजूला बंब, आणि आंघोळ पाटावर बसून तांब्यानं, त्यामुळं पाणी तीन-चार फुटांच्या वर उडायचं नाही आणि भिंतीला तेवढाच सिमेंटचा गिलावा गुळगुळीत घोटून घ्यायचे. संडासाला चार फूट टाइल्स लावायची पद्धत अजून बऱ्याच घरांत दिसते, तिथं ती चालतेही. शॉवर आला तसं गणित बदललं. शॉवरचा पॉइंट साडेसहा ते सात फुटांवर काढतात, पाणी डोक्यावर, खांद्यावर आपटून चहूबाजूला उडतं, म्हणून शॉवरच्या भिंतीला सात फूट हे कमीत कमी समजायचं.

आता सात फूटच का, तर दाराची चौकट साधारण सात फुटांची असते, खिडकीचं लिंटल (वरची काँक्रीटची आडवी पट्टी) त्याच लेव्हलला येतं, मग टाइल्सची वरची कड चौकटीच्या डोक्याला जुळली की आत गेल्यावर एक सरळ रेघ दिसते. पण चौकट मोजलेली असते बाहेरच्या फरशीपासून, आणि बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा इंच-दीड इंच खाली असते, शिवाय नहाणी ट्रॅपकडं, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडं, ढाळ दिलेला असतो तो वेगळाच. आतल्या फरशीवर टेप टेकवून सात फूट मोजले की टाइल चौकटीच्या डोक्याखाली इंच-दीड इंचावर संपते आणि त्या फटीत रंगाची एक बारीक पट्टी उरते, ती आयुष्यभर डोळ्यात खुपते. म्हणून उंची वरनं मोजायची. चौकटीच्या डोक्याला खूण करायची, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं किंवा लेझर लेव्हलनं तीच खूण चारही भिंतींवर फिरवायची, दोरी मारायची आणि तिथनं टाइल्सच्या ओळी खाली मोजत यायच्या. चांगला मिस्त्री खालची ओळ सोडून दुसरी ओळ आधी लावतो, खाली आधाराला सरळ फळी ठोकतो, आणि फरशी झाल्यावर सगळ्यात खालची ओळ ढाळाप्रमाणं कापून बसवतो, कापलेली कड फरशीला भिडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

यात टाइलचा साइज फार महत्त्वाचा. बारा इंच उंची ठेवून आडवी टाइल लावली तर सात ओळींत सात फूट होतात असं दुकानदार सांगतो, पण ती टाइल खरी ३०० मिलिमीटरची असते, म्हणजे बारा इंचाला थोडी कमी. सात ओळी आणि मधले दोन-दोन मिलिमीटरचे सांधे धरले तर २११२ मिलिमीटर होतात आणि सात फूट म्हणजे २१३४. शिवाय बाथरूमची फरशी खाली असल्याचा फरक धरला की तळाला दोन इंचाची पट्टी लागते. अशी पट्टी कापताना तुटते आणि सगळ्यात जास्त पाणी तिथंच साचतं, त्यापेक्षा एक ओळ वाढवून आठ फुटांजवळ जावं किंवा वर मोल्डिंगची पट्टी घ्यावी. अठरा इंची टाइल उभी लावली तर पाच ओळींत साडेसात फूट होतात. दोन बाय चार फुटांची मोठी टाइल उभी लावली तर दोन टाइल्समध्ये आठ फूट येतात, तिथं सात फुटांचा हट्ट धरला की वरच्या टाइलचा एक फूट कापून फेकावा लागतो.

पूर्ण स्लॅबपर्यंत घ्यावं का? जमत असेल तर महाबळेश्वर, पाटण, जावळीकडं जरूर घ्यावं, तिकडं पावसाळ्यात चार महिने भिंत धड वाळत नाही आणि सात फुटांच्या वर उरलेल्या रंगाला बुरशी धरते. जत-आटपाडी, माण-खटावकडं प्रश्न वेगळा आहे, हवा कोरडी पण बोअरचं पाणी जड, टाइलवर पांढरे क्षार बसतात, तिथं उंचीपेक्षा फिकट रंगाची टाइल आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) यावर पैसे घालावेत, कारण क्षार काढायला लोक ॲसिड मारतात आणि त्यानं साधं सिमेंटचं ग्राउट खाऊन जातं. खर्चाचा अंदाज सोपा आहे. पाच बाय सातच्या बाथरूमचा घेर चोवीस फूट, सातऐवजी स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट घेतलं तर चोवीस गुणिले अडीच म्हणजे साठ चौरस फूट टाइल जास्त लागते, आणि कापण्यातली नुकसानी धरून वर दहा टक्के.

पीव्हीसी पॅनल जुन्या बाथरूमला झटपट उपाय म्हणून लावतात. मार्बल डिझाइनचं शीट साधारण आठ बाय चारचं येतं, म्हणजे आठ फुटांपर्यंत जोड लागत नाही, त्याच्या वर मात्र पट्टी मारून दुसरा तुकडा जोडावा लागतो. पॅनल फरशीवर टेकवू नये, खाली टाइलची एक ओळ ठेवून त्यावर बसवावं, आणि भिंत ओली असेल तर आधी गळती काढावी, नाहीतर पॅनलच्या मागं ओल कोंडून राहते आणि वास सुटतो.

सांगलीत पुराच्या भागात हे जास्तच बघावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (हे फूट नदीच्या मापाचे, घरातल्या भिंतीचे नव्हेत) आणि तळमजल्याची कितीतरी घरं पाण्यात होती. डॅडो पूर थांबवत नाही. पण पाणी ओसरल्यावर टाइलवरचा गाळ पाइपनं धुऊन निघतो, रंगाच्या भिंतीतली ओल महिनोन् महिने जात नाही, आणि पॅनलच्या मागं शिरलेला गाळ तर पॅनल काढल्याशिवाय निघतच नाही. तळमजल्याला म्हणून टाइलच, आणि तीही शक्यतो स्लॅबपर्यंत.

उंची काहीही ठरवा, खिडकीच्या आतल्या कडांनाही टाइल किंवा ग्रॅनाइट घ्यायला सांगा आणि खालच्या कडेला आतल्या बाजूनं ढाळ द्यायला लावा, शॉवरचं पाणी तिथं साचलं तर थेट भिंतीत मुरतं. टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगचा थर शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत आणि बाकी भिंतींवर किमान एक फूट चढवून घ्यावा, कारण टाइलच्या सांध्यातनं पाणी थोडं तरी मागं जातंच.