२०६० साली जग बुडणार, असं न्यूटन म्हणाला होता का?

हा मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो: 'आयझॅक न्यूटनने गणित मांडून सांगितलंय, २०६० साली जगाचा अंत!' आकडा खरा आहे. अर्थ मात्र साफ चुकीचा.

न्यूटनची ही टिपणं जेरुसलेममधल्या इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. २००३ मध्ये वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले आणि तिथून हा गोंधळ जगभर पसरला. न्यूटनचा हिशोब अगदी साधा, बेरजेचा. बायबलमधल्या दानिएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांत १२६० दिवसांचा काळ येतो. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं तेव्हाचे बरेच अभ्यासक धरत. न्यूटनने पोपच्या राजसत्तेची सुरुवात इ.स. ८०० धरली. त्याच वर्षी रोममध्ये पोपने फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला सम्राटाचा मुकुट घातला होता. ८०० अधिक १२६०, झाले २०६०. यात गुरुत्वाकर्षण नाही, कॅल्क्युलस नाही.

आणि त्याच्या लेखी 'अंत' म्हणजे पृथ्वीचा नाश नव्हे. भ्रष्ट धर्मसत्ता संपेल, ख्रिस्त परत येईल आणि हजार वर्षांचं शांततेचं राज्य सुरू होईल, अशी त्याची श्रद्धा होती.

मेसेजमध्ये नेमकं गाळलं जातं ते पुढचं वाक्य. त्याच कागदावर तो लिहितो, की शेवट याहून उशिराही होईल, पण आधी होण्याचं कारण मला दिसत नाही. आणि पुढे तो म्हणतो, हे मी तारीख सांगायला नव्हे, तर ऊठसूट तारखा जाहीर करणाऱ्यांना आवर घालायला लिहितोय. त्यांची भाकितं फसली की पवित्र ग्रंथाचीच बदनामी होते, ही त्याची खरी तळमळ होती. आज त्याचंच नाव त्या तारखा सांगणाऱ्यांच्या यादीत घातलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.