वीस फुटांचा फ्लेक्स आणि तीनशेचा आकडा

मागच्या जत्रेच्या वेळची गोष्ट. फोंड्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात भाची मदतीला यायची. गावच्या नाटकाचं काम आलं होतं. ए-फोर आकाराचं हँडबिल, आणि तिठ्यावर लावायला वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स. तिने जिंप हे चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं, नवी फाइल घेतली, फुटांत मापं भरली आणि विचारलं, "मामा, रिझोल्यूशन तीनशेच ना?" मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो. "हां, घाल," म्हणून मोकळा झालो. पुढची दहा मिनिटं पंख्याचा आवाज तेवढा येत होता. छताच्या नव्हे, सीपीयूमधल्या.

चूक माझीच. नवी फाइल उघडताना जी चौकट समोर येते, तिच्यातले आकडे आपण बँकेच्या फॉर्मसारखे भरून टाकतो. खरं तर तिथे एकच गोष्ट विचारलेली असते: हे चित्र कोण, किती लांबून आणि कशावर बघणार?

संगणकाला फूट-इंच कळत नाहीत. त्याच्याकडे असतात चौकोनी ठिपके, म्हणजे पिक्सेल. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, तो १७६ बाय १७६ ठिपक्यांचा होता. सगळे मिळून ३१ हजारही नाहीत. रिझोल्यूशन म्हणजे छापताना एका इंचात असे किती ठिपके बसवायचे, एवढंच. वीस फूट म्हणजे २४० इंच. त्याला ३०० ने गुणलं की ७२,०००. उंचीचे ३६,०००. गुणाकार होतो २५९ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर नुसत्या कोऱ्या चित्रालाच पावणेआठ जीबी मेमरी लागते. आमच्या संगणकात सगळी मिळून आठ जीबी. बिचारा करणार काय?

मग तीनशे हा आकडा आला कुठून? डोळ्यातून. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखता येतं. हँडबिल आपण फूटभर अंतरावर, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटरवर धरतो. तिथे हा कोन भरतो ०.०८७ मिलिमीटर. एका इंचात असे जवळजवळ २९० ठिपके बसतात. त्यालाच आपण गोल करून ३०० म्हणतो. फ्लेक्स तिठ्यावर पाच मीटर लांबून बघितला, तर तोच कोन दीड मिलिमीटरचा होतो आणि इंचाला सतरा-अठरा ठिपकेसुद्धा पुरतात. मी अक्षरांच्या कडांसाठी हात जरा सैल सोडून ५० घेतो. फाइल ७.२ कोटी पिक्सेलवर येते, पावणेआठ जीबीची सव्वादोनशे एमबीच्या आत.

मंडळाच्या पोरांनी नायकाचा फोटो मोबाइलवरून पाठवला होता, वाटेत आक्रसून १२८० बाय ९६० उरलेला. हँडबिलसाठी चालेल, फ्लेक्सवर फुटेल, असंच कुणालाही वाटेल. हिशेब उलटा निघाला. ए-फोरच्या पूर्ण रुंदीवर, सव्वाआठ इंचांत, तो पसरला की इंचाला जेमतेम १५५ ठिपके मिळतात, आणि हातात धरल्यावर भुवया पुसट दिसतात. फ्लेक्सवर तोच फोटो चार फूट रुंद लावला, तर एक पिक्सेल सुमारे एक मिलिमीटरचा होतो. तीन-साडेतीन मीटरच्या पलीकडून तो कुणाला वेगळा दिसत नाही. तिठ्यावर उभं राहून फ्लेक्सला नाक लावतो कोण?

इथे भाचीने एक युक्ती केली. त्या फोटोच्या रिझोल्यूशनचा ७२ हा आकडा खोडून ३०० लिहिलं. "बघ मामा, सुधारला." सुधारलं काही नव्हतं. पिक्सेल तेवढेच ठेवून आकडा बदलला की फक्त छापील माप घटतं: ४५ सेंटीमीटर रुंदीचा फोटो ११ वर येतो. आणि सॉफ्टवेअरला नवे पिक्सेल घालायला सांगितलं, तर ते शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने रंग भरतं. कॅमेऱ्याने न टिपलेली भुवई त्यातून येत नाही.

रंगांचं थोडक्यात सांगतो. पडदा प्रकाशाने रंगवतो, छपाई शाईने. पडद्यावर लाल, हिरवा, निळा मिळून पांढरा होतो. कागदावर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई प्रकाश गिळून रंग दाखवते. नाटकातला गडद निळा प्रकाशझोत किंवा पावसातल्या शेताचा झळझळीत पोपटी शाईला झेपत नाही, तो मळकट उतरतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावं, नाहीतर बिल देताना सांगावं लागतं. हँडबिलाची पार्श्वभूमीही चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त पसरवायची. नाहीतर कापताना सुरी हलली की पांढरी कड दिसते.

आता लेयर. फोटोशॉप १९९० साली आलं, पण लेयर त्यात १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एकदा लिहिलेलं अक्षर चित्रातच मुरायचं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा: एकीवर पार्श्वभूमी, दुसरीवर नायक, तिसरीवर तारीख. पण त्या हमखास टिकतात त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये, जिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइलमध्ये, सगळ्या काचा वितळून एक होतात. शिवाय जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतं. अक्षरांच्या कडेला धुरकट किटण दिसतं ते त्याचंच. म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवायची, आणि छापखान्याला पाठवायची वेगळी काढायची.

हे सांगणाऱ्या मामाने एका वर्षी घाईत नुसतं जेपेग ठेवलं होतं. प्रयोग एक दिवस पुढे गेला, आणि तारीख बदलायला खाली काचच नव्हती. जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरी पट्टी टाकली, तिच्यावर नवी तारीख लिहिली. देवळाच्या कमिटीतले एक काका अजून दुकानात आले की विचारतात, "त्या पट्टीखाली काय लपवलेलंस रे?"