फेस्टिवलमधल्या टाळ्यांवरून ऑस्करचं नॉमिनेशन ओळखता येतं का?

ऑगस्ट संपता संपता व्हेनिसचा फेस्टिवल सुरू होतो, लगेच अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरातल्या टेल्युराइड नावाच्या छोट्याशा गावात दुसरा, त्याच्या पाठोपाठ टोरांटो आणि सप्टेंबरअखेर न्यूयॉर्क. या पाच-सहा आठवड्यांत ऑस्करच्या अंदाजांच्या याद्या धडाधड यायला लागतात. नॉमिनेशनसाठी मतदान होतं थेट जानेवारीत, म्हणजे मधे चार महिने आहेत, डिसेंबरात येणारे बरेच सिनेमे तर अजून कोणी बघितलेलेही नसतात, आणि तरीसुद्धा हे अंदाज बऱ्यापैकी जमतात. का जमतात आणि कुठे फसतात हे समजून घ्यायला थोडी प्रोबॅबिलिटी लागते, आणि ती यात इतकी छान दिसते की शाळेत नाणं उडवण्याऐवजी हेच उदाहरण द्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आधी टाळ्यांचं बघू, कारण बातम्यांमधे सगळ्यात जास्त तेच येतं. अमुक सिनेमाला व्हेनिसमधे इतकी मिनिटं लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, वगैरे. २०२४ मधे पेद्रो आल्मोदोवारच्या 'द रूम नेक्स्ट डोअर'ला तिथे १७-१८ मिनिटं टाळ्या पडल्या, फेस्टिवलचं सगळ्यात मोठं बक्षीस गोल्डन लायनही त्यालाच मिळालं. ऑस्करची नॉमिनेशन्स किती? शून्य. आणि २०२२ मधे 'द व्हेल'ला त्याच व्हेनिसमधे जेमतेम सहा मिनिटं टाळ्या होत्या, पण ब्रेंडन फ्रेझरला नॉमिनेशन मिळालं आणि पुढे ऑस्करही मिळालं.

आता दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही हे खरं, म्हणून जरा आकडे मांडून बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. समजा वर्षात ३०० सिनेमे ऑस्करसाठी पात्र आहेत आणि बेस्ट पिक्चरला नॉमिनेशन मिळणार १० ना. म्हणजे सिनेमाबद्दल काहीच माहीत नसताना त्याचा चान्स साधारण ३ टक्के. यातले २० सिनेमे व्हेनिसला गेले आणि पुढे नॉमिनेट होणाऱ्या १० पैकी ४ त्यात होते असं धरा. मग नुसतं 'व्हेनिसला निवड झाली' एवढं कळल्यावर चान्स २० पैकी ४, म्हणजे एकदम २० टक्के झाला. आता टाळ्या. त्या चारही सिनेमांना भरपूर टाळ्या मिळाल्या, पण उरलेल्या १६ पैकी १५ जणांनाही मिळाल्या, कारण तिथे दिग्दर्शक, कलाकार सगळे समोर बसलेले असतात आणि अशा वेळी टाळ्या न वाजवणं अवघडच असतं. मग टाळ्या ऐकल्यावरचा चान्स १९ पैकी ४, म्हणजे २१ टक्के. निवडीने ३ चे २० केले आणि टाळ्यांनी २० चे फक्त २१. नवी माहिती आल्यावर चान्स किती बदलायचा हे सांगणाऱ्या बेजच्या सूत्राचं सगळं सार यातच आहे, एखाद्या खुणेची किंमत ती खूण किती जोरात दिसते यावर ठरत नाही, ती जिंकणाऱ्यांत आणि हरणाऱ्यांत किती वेगवेगळी दिसते यावर ठरते.

मग टोरांटोचं काय? तिथलं मुख्य बक्षीस ज्युरी ठरवत नाही, तिकीट काढून आलेले प्रेक्षक मत देतात आणि त्यातून पीपल्स चॉइस अवॉर्ड ठरतं. २००८ मधे मुंबईत शूट झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'ला ते मिळालं आणि पुढे ८ ऑस्कर. २०१२ ते २०२३ या काळात तर हे अवॉर्ड मिळालेला प्रत्येक सिनेमा बेस्ट पिक्चरला नॉमिनेट झाला, सलग १२ वेळा! मग लोकांना वाटायला लागलं की हा नियमच आहे. पण १२ पैकी १२ म्हणजे १०० टक्के नव्हे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने खूप आधी एक साधा हिशोब दिला होता, एखादी गोष्ट सलग १२ वेळा घडली असेल आणि बाकी काहीच माहीत नसेल तर तेराव्यांदा घडायचा चान्स १३ भागिले १४ धरा, म्हणजे साधारण ९३ टक्के. उरलेले ७ टक्के कुठेतरी बसलेले असतातच, आणि २०२४ मधे ते समोर आले. त्या वर्षी टोरांटोच्या प्रेक्षकांनी 'द लाइफ ऑफ चक' निवडला. त्याच्याकडे तेव्हा डिस्ट्रिब्युटरच नव्हता, तो अमेरिकेत रिलीज झाला २०२५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्या वर्षीच्या शर्यतीत तो नव्हताच. हे सप्टेंबरमधेच कळण्यासारखं होतं! सलग १२ चा रेकॉर्ड बघत बसण्यापेक्षा 'हा सिनेमा डिसेंबर संपायच्या आत थिएटरला लागणार आहे का' एवढा एक प्रश्न विचारला असता तरी अंदाज सुधारला असता.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. टोरांटोच्या प्रेक्षकांना ऑस्करचं मत नसतं, व्हेनिसच्या ज्युरीलाही त्यांच्या ज्युरीपणामुळे ते मिळत नाही, मग त्यांच्या आवडीचा आणि ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीच्या आवडीचा मेळ बसतो कसा? तर मेळ बराचसा आधीच बसवलेला असतो. स्टुडिओकडे पाच सिनेमे तयार असतील तर ज्याच्या कॅम्पेनवर ते पैसे लावणार आहेत तोच सप्टेंबरमधे फेस्टिवलला पाठवतात, बाकीचे उन्हाळ्यात नाहीतर जानेवारीत सोडून देतात. म्हणजे फेस्टिवलला पोचलेला सिनेमा हा आधीच चाळणीतून खाली आलेला असतो. आकडेशास्त्रात याला सिलेक्शन इफेक्ट म्हणतात. आणि एकदा हे कळलं की पुढचंही कळतं, चाळणी बदलली की जुना रेकॉर्ड निरुपयोगी होतो.

आणि चाळणी बदलते, नियमांमुळे बदलते. कान फेस्टिवलने २०१८ पासून मुख्य स्पर्धेसाठी फ्रान्समधल्या थिएटर रिलीजची अट घातली, नेटफ्लिक्सने तिथून काढता पाय घेतला आणि 'रोमा' व्हेनिसला नेला, गोल्डन लायन घेतला, पुढे १० ऑस्कर नॉमिनेशन्स. व्हेनिसचं वजन वाढलं त्यात या भांडणाचा मोठा हात आहे. दुसरीकडे बेस्ट पिक्चर जिंकणारे बघा. २०२० चा 'नोमॅडलँड' व्हेनिस आणि टोरांटो दोन्हीकडे पहिला आला आणि ऑस्करही जिंकला. त्यानंतर सलग चार वर्षं जिंकलेले सिनेमे शरद ऋतूतल्या फेस्टिवलमधून सुरू झालेच नाहीत: 'कोडा' जानेवारीत सनडान्सला, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' मार्चमधे टेक्सासात, 'ओपनहायमर' जुलैत सरळ थिएटरला, 'अनोरा' मे महिन्यात कानला. म्हणून शरदातल्या फेस्टिवलांची ताकद संपली म्हणायचं का? नाही, नॉमिनेशनच्या याद्या उघडून मोजलं तर वेगळंच दिसतं. २०२३ च्या १० नॉमिनीपैकी ४ व्हेनिस-टेल्युराइड-टोरांटोतून सुरू झालेले, ३ कानमधून आणि ३ इतर. २०२४ ची यादी घ्या, पुन्हा ४, ३ आणि ३. दोनच वर्षं आहेत, त्यावर मोठी इमारत बांधू नये, पण कोण जिंकणार आणि कोण यादीत येणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढं तरी यातून दिसतं.

ते वेगळे का आहेत? मतमोजणी वेगळी आहे म्हणून. आणि ही मतमोजणी आपल्याला चांगली ओळखीची आहे, राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रम देतात ना, तशीच. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि समजा ६ जागा, तर २८८ भागिले ७ आणि वर थोडं, म्हणजे ४२ आमदारांनी पहिली पसंती दिली की काम झालं, बाकीच्या २४६ जणांना तो उमेदवार अजिबात आवडत नसला तरी काही बिघडत नाही. ऑस्करच्या नॉमिनेशनमधे हेच होतं. अभिनेत्यांची नॉमिनेशन्स अभिनेतेच ठरवतात, त्यांच्या शाखेत साधारण बाराशे-तेराशे लोक आहेत, जागा ५, म्हणजे एक षष्ठांश, सगळ्यांनी मत दिलं तरी दोनशेच्या थोडं वर लोकांनी तुम्हाला पहिल्या नंबरवर लिहिलं की नॉमिनेशन पक्कं. बेस्ट पिक्चरला सगळे मेंबर मत देतात आणि जागा १०, म्हणून तिथे एक अकरांश, ९ टक्क्यांच्या आसपास. खालच्या पसंतीची मतं नंतर इकडून तिकडे फिरतात हे आहेच, पण ज्याला पहिल्या पसंतीची मतंच नाहीत तो आधीच बाहेर जातो.

यातून सप्टेंबरसाठी एक फार उपयोगी गोष्ट निघते. सरासरी रेटिंग बघू नका, पसारा बघा! सगळ्यांना 'ठीक आहे, बरा आहे' वाटलेला सिनेमा इथे मरतो आणि अर्ध्यांना प्रचंड आवडलेला, अर्ध्यांना सहन न झालेला सिनेमा तरून जातो. 'जोकर'वर २०१९ मधे समीक्षकांची चक्क दोन टोकांची मतं होती, त्याला ११ नॉमिनेशन्स मिळाली, त्या वर्षी सगळ्यात जास्त. 'एमिलिया पेरेझ'बद्दलही तसंच, लोक भांडले, आणि नॉमिनेशन्स १३. पण जिंकताना दोनच ऑस्कर हातात आली. बेस्ट पिक्चरच्या अंतिम फेरीत पसंतीक्रम असतो पण जागा एकच, तिथे निम्म्याहून जास्त लोकांना चालावं लागतं, नावडता असून भागत नाही.

मतदारही तेच राहिलेले नाहीत. २०१५-१६ मधे अभिनयाची सगळी नॉमिनेशन्स गोऱ्या कलाकारांनाच गेली म्हणून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर ॲकॅडमीने मेंबर भराभर वाढवले, सहा हजारांच्या आसपासचा मतदार दहा हजारांच्या जवळ गेला आणि त्यात अमेरिकेबाहेरचे खूप आले. 'पॅरासाइट' २०२० मधे जिंकला तो या नव्या यादीत. म्हणजे १९९० च्या रेकॉर्डवर अंदाज करणारं गणिती मॉडेल शिकवलं तर ते आज अस्तित्वात नसलेल्या मतदाराचा अंदाज देणार. उलट फक्त अलीकडची वर्षं घ्यावी तर आकडे फारच थोडे उरतात, १० नॉमिनींचा पक्का नियम तर २०२१ च्या सिनेमांपासूनचा आहे. जुनं जास्त घ्यायचं की नवं थोडं, ही ओढाताण प्रत्येक मॉडेलमधे असते आणि तिला सोपं उत्तर नाही.

मग बरेच जाणकार एकत्र करून सरासरी काढावी म्हटलं तर? ती चालते, पण एका अटीवर, लोकांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. फेस्टिवलमधे नेमकं तेच होत नाही, सगळे एकाच हॉलमधे बसतात, बाहेर पडून दहा मिनिटांत पोस्ट टाकतात आणि एकमेकांचं वाचतात. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मधे एक प्रयोग छापला होता, १४ हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली, काहींना इतरांनी काय डाउनलोड केलं ते दाखवलं नाही, आणि बाकीच्यांचे ८ वेगवेगळे गट करून प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटाचे आकडे दाखवले. जिथे आकडे दिसत होते तिथे हिट गाणी जास्तच हिट झाली, आणि कोणतं गाणं हिट होणार ते गटागणिक बदललं. अगदी चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. सप्टेंबरच्या याद्यांमधलं सातव्या ते पंधराव्या नंबरचं जे काही असतं ना, ते हेच मधलं. तीस तज्ज्ञांनी एकच नाव लिहिलं तर त्याला तीस मतं समजू नका.

अंदाज चांगला की वाईट हे मोजायलाही रीत आहे आणि ती हवामानवाल्यांची आहे, ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मधे मांडलेली. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि नॉमिनेशन मिळालं तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. नाही मिळालं तर ०.७ चा वर्ग ०.४९. पण ९९ टक्के म्हणून ठोकून दिलंत आणि फसलं तर दंड ०.९८! मला ही रीत फार आवडते कारण छातीठोक बोलण्याची किंमत त्यात वसूल होते. सप्टेंबरमधे कुणाही सिनेमाला ९५ टक्के देणारा माणूस दहा वर्षांचा हिशोब लावला की मागे पडलेला दिसेल, आणि जानेवारीत गिल्डांची, म्हणजे सिनेमाच्या धंद्यातल्या संघटनांची, नॉमिनेशन्स आल्यावरही ५० वर अडून बसणाराही मागे पडेल, कारण दिग्दर्शक, निर्माते, अभिनेते यांच्या गिल्डांमधले बरेच मतदार ॲकॅडमीचेही मतदार आहेत आणि ती माहिती टाळ्यांपेक्षा कितीतरी पक्की असते.

आपल्या मराठी सिनेमाला हे सगळं कसं लागू होतं? चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ मधे व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात पहिला आला, पुढच्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला, पण शॉर्टलिस्टमधे आला नाही. त्याचाच 'द डिसायपल' २०२० मधे व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, २००१ नंतर तिथे पोचलेला पहिला भारतीय सिनेमा, पटकथेचं बक्षीस घेऊन आला, आणि त्या वर्षी भारताने पाठवला मल्याळम 'जल्लीकट्टू'. म्हणजे देशोदेशींनी पाठवलेल्या सिनेमांच्या 'इंटरनॅशनल फीचर' विभागात 'द डिसायपल'चा चान्स शून्य झाला, बाहेर त्याचं कितीही कौतुक झालं असलं तरी. इथे प्रोबॅबिलिटीचा गुणाकार होतो. ८५ च्या आसपास देश, त्यातून १५ ची शॉर्टलिस्ट, त्यातून ५, म्हणजे देशाकडून गेल्यावर ६ टक्क्यांच्या जवळ. त्याला गुणायचं देशाकडून जाण्याच्या चान्सने, तो तीनात एक धरला तर हातात उरतात २ टक्के. या विभागात भारताची नॉमिनेशन्स आजवर तीनच, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि आशुतोष गोवारीकरांचा 'लगान'.

दुसरा एक रस्ता आहे, अमेरिकेतल्या ठरलेल्या शहरांपैकी एका शहरात आठवडाभर थिएटरला सिनेमा लावायचा, मग देशाने पाठवला नसला तरी पटकथा, छायाचित्रण, दिग्दर्शन अशा इतर विभागांत तो पात्र होऊ शकतो, पण त्याला डिस्ट्रिब्युटर लागतो आणि कॅम्पेनला पैसा लागतो. त्यामुळे पुढच्या एखाद्या सप्टेंबरला मराठी सिनेमा व्हेनिसला किंवा टोरांटोला गाजल्याची बातमी आली की मी टाळ्यांची मिनिटं सोडून दोन गोष्टी शोधणार, भारताकडून ऑस्करला कोण जाणार हे ठरवणाऱ्या फिल्म फेडरेशनने कोणाला निवडलं आणि अमेरिकेतले हक्क कोणी घेतले.